नाव घातलेलं ताट

कनेरगाव नाका,
धुळवडीचा दिवस

प्रिय पुष्कर,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू ओळखलं असशील. याच अक्षरापायी सरांनी माझा पेपर भर वर्गात उलटा धरून दाखवला होता आणि पोट धरून हसणाऱ्यांत तू पहिल्या बाकावर होतास. पत्र कशाला, फोन काय मेला होता का, असं म्हणशील. फोनवर तू हल्ली मला ‘बोला साहेब’ म्हणतोस. तू साहेब म्हटलं की माझ्याही तोंडून साहेबासारखंच काहीतरी निघतं, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू, वगैरे. मग संध्याकाळ येत नाही आणि बोलायचं ते तसंच राहतं. कागदावर तुला मधेच साहेब म्हणता येणार नाही, म्हणून कागद घेतला. आमचे मॅनेजर दोनदा डोकावून गेले. मालक हाताने काही लिहितायत म्हणजे नक्की कुणाशी तरी वाकडं आलंय, असा त्यांचा समज झाला आहे.

हंगाम जोरात आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद वाळत पडली आहे आणि शिजवणीच्या वाफेने ढाब्यावरचा चहासुद्धा पिवळा लागतो. साक्षीचं लग्न अक्षय तृतीयेला धरलं आहे, ते तुझ्या कानावर आलंच असेल. कुंकू लागून सव्वा वर्ष झालं, पण पोरीचं परभणीच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष राहिलं होतं, म्हणून थांबलो. मंगल कार्यालय नाही, लग्न आमच्या तांड्यावरच. पाहुणे म्हणतात, एवढा मोठा माणूस आणि डोंगरावर मांडव घालतो काय. पत्रिका द्यायला मी आणि मिरा येऊच, ती रीत आहे. हे पत्र रीतीबाहेरचं आहे. त्या दिवशी तुझ्या घरी मी एक गोष्ट मागायला आलो होतो आणि न मागताच परत गेलो, ती तुला सांगायची आहे.

त्याआधी थोडं मागचं. तू विसरला नसशील, पण मला ते पुन्हा एकदा लिहून काढावंसं वाटतंय. औंढ्याच्या डोंगरावरून अंधारात उतरून यायचं आणि हिंगोलीची एसटी धरायची, हे माझं कॉलेज. वर्गात गेलं की झोप लागायची. हजेरीला सगळे ‘यस सर’ म्हणायचे आणि मी दचकून ‘व्हय’ म्हणायचो, त्यावरून तुम्ही माझं नावच ‘व्हय’ ठेवलं होतं. अकाउंट्समध्ये मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्या. आज त्याच विषयाची पास झालेली चार माणसं माझ्या पगारावर आहेत आणि ताळेबंद मला अजून कळत नाही, सही कुठे करायची तेवढं विचारतो. सर म्हणाले होते, राठोड, तू बकऱ्या राख, निदान बकऱ्या तरी वाचतील. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मलासुद्धा तेव्हा माझं काही होईल असं वाटत नव्हतं. वर्गात कुणी नाव काढेल तर तू, हे ठरलेलंच होतं. तू काढलंसही. बँकेत लागलास, देवळातली वडिलांची पाळी सांभाळलीस, घर राखलंस. लोकांना ते यश वाटत नाही कारण त्याचा फ्लेक्स लागत नाही.

माझं कसं झालं ते मलाच धड सांगता येत नाही. सभेत विचारतात तेव्हा जिद्द वगैरे सांगतो. खरं म्हणजे वसमतच्या बाजारात पोती उचलताना कळलं की शेतकऱ्याला हळद पिकवण्याची नाही, शिजवण्याची तकलीफ आहे. कढई, सरपण, माणसं, कशाचाच मेळ लागत नसे. मग जुन्या ट्रॅक्टरवर शिजवणीचा बॉयलर बसवून गावोगाव फिरलो. बाळापूरकडून सुरुवात केली. पुढे पॉलिशचा ड्रम आला, मग दळण, मग पॅकिंग, मग जहाज. माझे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, मी कंटेनरमध्ये हळद लादतो. लोक म्हणतात केवढी प्रगती. माझे बापू म्हणायचे, धंदा तोच हाय, बैल तेवढे बदलले.

आता तुमच्या ओसरीकडे येतो. एसटीला वेळ असला की मी तुमच्या ओसरीवर टेकायचो. याडी, माझी आई, मी बारावीत असतानाच गेली होती आणि बापू सहा महिने ऊसतोडीला, त्यामुळे माझ्या पिशवीत भाकरी असेलच असं नसे. तुझ्या आईने, काकूंनी, ते कधी विचारलं नाही. तुझ्यासाठी ताट वाढलं की एक ताट बाहेर यायचं. ते ताट वेगळं होतं. ओसरीच्या फळीवर असायचं, जेवून झालं की मी ते आडावर नेऊन घासायचो आणि फळीवर पालथं घालायचो. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं का, असं साक्षीने मध्ये विचारलं. भूक लागलेली असायची, एवढंच आठवतं. वाईट नंतर वाटलं, पोट भरल्यावर.

तो श्रावणी सोमवार तुला आठवत असेल. औंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तुमच्या ओसरीवर यात्रेकरूंची गाठोडी आणि चपलांचा ढीग. मी ताट हातात घेऊन जागा शोधत उभा होतो. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, आत ये. आत तुझे वडील, दत्तोपंत, जेवत होते. सोवळ्यात होते, नुकते देवळातून आले होते. मी उंबऱ्यातच अडकलो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि स्वतःचा पाट हातभर सरकवून घेतला. ‘काहून उभा राहिलास, बस,’ म्हणाले. बस्स, तेवढंच. त्यानंतर ते ताट ओसरीच्या फळीवर कधी गेलं नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, तुझ्या आणि जान्हवीच्या ताटांच्या मध्ये उभं राहू लागलं. तुझी ही धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती आणि माझं इंग्रजी ऐकायला मिळावं म्हणून मुद्दाम माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसायची. मी वाचलं की तिला ठसका लागायचा.

शिवरात्रीच्या जत्रेत काकू घरातली नवी भांडी नावं घालायला घेऊन गेल्या, तेव्हा माझंही ताट नेलं. त्या माणसाने आधी तुमची चार ताटं केली होती. त्याच ओघात त्याने माझ्या ताटावर कोरलं, ‘चि. हरिचंद दत्तोपंत’. काकूंनी सांगितलं होतं फक्त हरिचंद. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या घागरीला लागला होता. मला वाटलं आता घरात काही खरं नाही. दत्तोपंतांनी ताट लांब धरून चष्म्याशिवाय वाचलं आणि म्हणाले, अक्षर बरं काढलंय. काकू म्हणाल्या, स्टीलवरचं काय खोडता येतं का, राहू द्या. बापूंना सांगितलं तर ते हसून हसून बेजार. ‘लेका, कॉलेजात जाऊन बाप बदललास व्हय?’ पण पुढच्या बाजारी ते ताट पाहायला मुद्दाम डोंगर उतरून आले. तुझे वडील आणि माझे वडील ओसरीवर चहा पीत बसले होते, बोलायला दोघांकडे काही नव्हतं, तरी उठले नाहीत.

माझ्या लग्नाला तू आलास, जान्हवी आली, काकू आल्या. दत्तोपंत आदल्या वर्षी गेले होते. जीपमधून उतरून काकू तांड्यावर चालत आल्या, पायांना काट्यांची सवय नाही, तरी आल्या. माझ्या हळदीला आमच्या बायकांनी गाणी धरली होती. याडी नाही म्हणून पहिली हळद कुणी लावायची यावर त्यांचं चाललं होतं. मावशीने काकूंना पाहिलं आणि हात धरून म्हणाली, ‘याडी, चाल, तू लाव.’ काकू दोन पावलं आल्यासुद्धा. मग थांबल्या. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मागे सरून कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. ‘मी नको गं बाई, लेकराचं शुभकार्य आहे.’ आमच्या बायकांना त्यांचं थांबणं कळलंच नाही. त्यांना वाटलं, बामणाच्या बाईला आपली हळद चालत नाही. मला कळलं. मी पाटावर बसलो होतो, अंगाला पहिलं तेल लागलेलं, आणि आमच्यात एकदा पाटावर बसलेल्या नवरदेवाने हळद पुरी होईपर्यंत उठायचं नसतं. मी उठलो नाही. एक हाक मारता आली असती. उठायची मनाई होती, हाकेची नव्हती. पण मला वाटलं, हाक मारली आणि त्यांनी चारचौघांत पुन्हा नको म्हटलं तर त्यांनाच जड जाईल. त्यांनी माझं शुभ पाहिलं आणि मी त्यांचा मान पाहिला. दोघांनीही चांगलंच पाहिलं आणि दोघांच्याही हाताला काही लागलं नाही.

तेव्हापासून मनात होतं की माझ्या लेकराच्या हळदीला हे होऊ द्यायचं नाही. साक्षीची सोयरीक झाली तसा मी तुला फोन केला, की येत्या रविवारी आम्ही तिघं जेवायला येतोय. मी जेवायलाच म्हणालो होतो, पुष्कर. मनात ठरवलं होतं, स्वयंपाकघरात पाटावर बसायचं, काकूंच्या हातची भाकरी खायची, आणि खाता खाता म्हणायचं, काकू, साक्षीला पहिली हळद तुम्ही लावायची, या वेळी झाडाखाली जायचं नाही. गाडीत साक्षी मला शिकवत होती की कसं म्हणायचं. बापाला भाषणं जमतात, मागणं जमत नाही, हे तिला ठाऊक आहे.

तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच फ्लेक्स दिसला. त्यावर माझाच फोटो, गॉगल घातलेला. अंगणात खुर्च्या, माईक, वर्गातली मंडळी, गावातली मोठी माणसं. तू फेटा बांधलास, शाल घातलीस, नारळ दिलास. तू इतका खूश होतास, की मला तुझ्यावर रागवताही येत नाही. भाषणात तू म्हणालास, हरिचंदराव एकेकाळी आमच्या घरी जेवत असत. टाळ्या पडल्या. तू मनापासून बोललास. पण ‘जेवत असत’ म्हटलं की ते संपलेलं असतं रे. मी ओसरीवरून आत यायला दोन वर्षं घेतली होती. त्या दिवशी तुम्ही मला परत बाहेर बसवलंत, फक्त खुर्ची मखमलीची होती.

जेवायला आत आलो तर हॉलमध्ये टेबल मांडलेलं, पाहुण्यांच्या खास ताटवाट्या, मधोमध फुलं. स्वयंपाकघर समोरच दिसत होतं. काकू मांडणीपाशी गेल्या, पाठ वाकलेली, आणि त्यांनी दोन ताटांमधून एक ताट ओढून काढलं. मला लांबूनही कळलं कुठलं ते. तू घाईने गेलास आणि म्हणालास, ‘आई, ते नको, बाहेर मांडलंय सगळं.’ तुला त्या ताटाची लाज वाटली. ते आधी कुठल्या फळीवर असायचं, कशासाठी वेगळं होतं, हे पाहुण्यांत कुणाला आठवलं तर माझा अपमान होईल असं तुला वाटलं. तू मला जपत होतास. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, काकू, आणा ते ताट. दिवसभर परदेशी व्यापाऱ्यांशी भाव करणारं हे तोंड, त्याला चार शब्द जमले नाहीत. डोक्यावर फेटा होता ना. काकूंनी ताट जागच्या जागी ठेवलं आणि जान्हवीने त्यांच्या हातून काहीतरी घ्यावं तसा त्यांचा हात धरला. निघताना काकूंनी डबीत कारळाची चटणी दिली आणि म्हणाल्या, ‘घाईत दिसून राहिलास, सवडीनं ये.’ मी म्हणालो, येतो, पुढच्या महिन्यात येतो.

सवड आषाढात मिळाली, ती कशासाठी ते तुला माहीतच आहे. तुझा निरोप आला तेव्हा मी कोचीत होतो. काकूंच्या तेराव्याला पोचलो. तुझं डोकं तुळतुळीत, डोळे सुजलेले, आणि मला तुला मिठी मारायची होती. तेवढ्यात कुणीतरी मला हाताला धरून तहसीलदारांच्या शेजारी नेऊन बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. तिथून मी तुला पाहत होतो. पंगत उठली, मी हात जोडले, तू हात जोडलेस, आणि मी निघालो. गाडीत मिराने सत्काराचा तो फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. त्यात आपण सगळे आहोत, काकू नाहीत. मागे दाराच्या चौकटीवर एक हात तेवढा दिसतो, बांगड्या नसलेला. मी तो पाहिला आणि रडलो, आणि ड्रायव्हर बिचाऱ्याने गाणी बंद केली. साक्षीच्या हळदीची गोष्ट काकूंना कळलीच नाही. त्यांना वाटलं असेल, पोरगं मोठं झालं, चटणी घेऊन गेलं.

आता का लिहितोय ते. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी साक्षीची हळद आहे. हळद आमच्याच रानातली, या हंगामातली. ती कालवायला मला ते ताट हवं आहे, मांडणीवरचं, नाव घातलेलं. माणसाबरोबर पाठवू नको, तू स्वतः घेऊन ये, आणि हळदीच्या आदल्या रात्रीच मुक्कामाला ये, कारण तुला पंगतीत वाढायचंय. शाल-नारळ आणलास तर वेशीवरून परत धाडीन. आणि जान्हवीला आण. कोरोनात तिचा नवरा गेल्यापासून ती लग्नाकार्यात मागच्या मागे कुठे उभी राहते, ते मी तुझ्या घरीच पाहिलंय. साक्षीला पहिली हळद जान्हवीने लावायची आहे. व्याह्यांकडे थोडी कुजबुज झाली, तेव्हा साक्षीने सांगून टाकलं, आत्याची हळद नसेल तर मला हळदच नको, आणि तिची सासू हसून म्हणाली, बराबर हाय पोरीचं. मिरा मला म्हणाली, ‘तुमी काकूंना हाक मारली न्हाई, आता हिला तरी मारा.’ ती मी या कागदावर मारतोय. जान्हवी नको म्हणेल, आईसारखंच म्हणेल, लेकराचं शुभकार्य आहे म्हणून. तिला सांग, मांडवाबाहेरचा तो कडुनिंब अजून आहे, चांगला पसरलाय. ती त्याच्याखाली जाऊन उभी राहिली तर मी तिथे येऊन तिचा हात धरून तिला आत आणीन. तेव्हा मी नवरदेव होतो, पाटावर बसलेला. आता मी नवरीचा बाप आहे, आणि बापाला उठता येतं.

तुझाच,
हरिचंद